भारंबेभाऊंची गवतपाहणी

घरचे दीड दिवसाचे गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावच्या सुयोग कॉलनीत, प्लॉट नंबर सोळामध्ये, एक तह झाला. एका बाजूला गिरधर भारंबे आणि सुनंदाबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची एकुलती एक मुलगी मोहिनी. कलमं दोनच. पुढचं वर्षभर घरात कुणी 'स्थळ' हा शब्द काढायचा नाही, बायोडेटा मागवायचा नाही, पाठवायचा नाही, आणि कुणाचा आलाच तर पाकीट फोडायचं नाही. त्या बदल्यात मोहिनी दर महिन्याला पुण्याहून घरी येईल आणि दिवाळीचे चांगले आठ दिवस राहील. पहिलं कलम मोडलं तर दिवाळी पुण्यात.

सुनंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. गिरधररावांनी 'मान्य' म्हणून टाकलं. एका खाजगी महाविद्यालयात एकतीस वर्षं कारकुनी करून ते मुख्य लिपिक झाले होते, आणि एकतीस वर्षांनंतर माणूस कागदात काय लिहिलंय हे विचारत नाही, सही कुठे करायची तेवढं विचारतो.

पण रविवारचं काय करायचं? आजवर त्यांचे रविवार वधूवर मेळाव्यांना, नाहीतर 'मुलगा निर्व्यसनी, स्वतःची बागायत' असल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारण्यात गेले होते. रिकामा बाप किती धोकादायक असतो हे मोहिनीला ठाऊक होतं. म्हणून तिने त्यांना काम लावून दिलं.

मोहिनी पुण्यात वनस्पतींच्या एका संशोधन संस्थेत होती. बाहेरच्या देशातून येऊन आपल्याकडे बस्तान बसवलेली आणि इथल्यांना जगू न देणारी जी झाडंझुडपं, किडेगोगलगायी आहेत, त्यांची जिल्हावार मोजदाद त्यांची संस्था करत होती. त्यासाठी एक ॲप होतं. कुणीही फोटो काढावा, माहिती भरावी.

"सोपं आहे पप्पा," ती म्हणाली. "झाड दिसलं की तीन फोटो. एक पूर्ण झाडाचा, शेजारी मापाला फूटपट्टी धरून. एक पानाफुलाचा जवळून. आणि एक जागेचा, म्हणजे विहीर, गोठा, रस्ता, जे असेल ते. मग खालचे प्रश्न भरायचे. पंधरा दिवसांनी त्याच जागी जाऊन पुन्हा एक फोटो काढला की नोंद पक्की. तेव्हा झाड सापडलं नाही तर नोंद रद्द."

प्रश्न असे होते: जागेचा मालक कोण, क्षेत्र किती, पाणी कशाचं आणि किती महिने पुरतं, रस्ता लागून आहे का, जनावरं किती, आणि शेतात राबणारी घरची माणसं किती. ही प्रश्नावली कुणा शास्त्रज्ञाने तयार केली होती. त्याच्या घरी लग्नाची मुलगी नसावी.

"धुळे जिल्ह्याच्या दोनशे बारा नोंदी झाल्यात," मोहिनी म्हणाली. "जळगावच्या चार. ऑक्टोबरअखेर पन्नास झाल्या नाहीत तर अहवालाच्या नकाशात आपला जिल्हा कोरा दाखवतील. माझाच जिल्हा, पप्पा. साहेब मीटिंगमध्ये विचारतात, तुमच्याकडे गवत उगवत नाही का म्हणून."

हे गिरधररावांना लागलं. जळगाव जिल्ह्यात गवत उगवत नाही असं कुणी म्हणावं, आणि आपण ऐकून घ्यावं?

पहिली नोंद त्यांनी कॉलनीतल्याच मोकळ्या प्लॉटवर केली. तिथे कमरेएवढं गाजरगवत होतं. ते एका हाताने फूटपट्टी रोवून दुसऱ्या हाताने फोटो काढत असताना कंपाउंडवरून झुलालआबांचं डोकं वर आलं. झुलालआबा शेजारी राहत. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचे, बोली अहिराणी, निवृत्त तलाठी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी मोकळी जमीन दिसली की त्यांच्या तोंडून आधी गट नंबर निघायचा.

"भारंबेभाऊ, काय करी राहिनात?"

"गाजरगवताचा फोटो काढतोय, आबा."

"फोटो काढीसन काय व्हई? उपटी टाका ना!"

"उपटायचं नाही. नोंदवायचं. धुळ्याच्या दोनशे बारा नोंदी झाल्यात."

झुलालआबांचा चेहरा उजळला. "आमना धुळाना? आनि तुमना जळगावना?"

"चार. आता पाच."

"गवतमाबी आमीच पुढे," असं म्हणून आबा मोठ्या समाधानाने खाली गेले, आणि ही बातमी द्यायला त्यांचं डोकं पलीकडच्या कंपाउंडवर उगवलं.

दुसरा रविवार जलपर्णीत गेला. गावाबाहेरच्या एका तलावात ती दाट माजली होती, वर जांभळी फुलं. पण तिथल्या रखवालदाराने फूटपट्टी पाहून परवानगीचं पत्र मागितलं. पत्र आणायला गिरधरराव सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "तलाव आमचा आहे, हे बरोबर. पण ही वनस्पती पाण्यावर तरंगते. म्हणजे ती जमिनीला लागलेली नाही. मग ती आमची कशी?" त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाठवलं. शेजारच्या टेबलाने, वनस्पती परदेशी असल्यामुळे आपल्याला काही बोलता येणार नाही असं सांगितलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण गिरधरराव स्वतः मुख्य लिपिक. पाण्यावर तरंगणारी गोष्ट कुणाच्याच टेबलावर येत नाही, हा मुद्दा त्यांना इतका आवडला की घरी येऊन त्यांनी तो डायरीत उतरून घेतला. नोंद मात्र झाली नाही.

"शहरमा काही खरं नही," झुलालआबा म्हणाले. "खेडामा जा. बोदवडकडे बांधे बांधे बठ्ठं गवतच शे. पन मी सांगस ते आयका. गया गया गवतना नाव काढू नका. लोकेसले वाटी, सरकारी माणूस उना, आते दंड करी. पहिले नातं काढा, पोरंसोरंसनी चौकशी करा. मंग हळूच फोटो."

गिरधररावांना हा सल्ला फार व्यवहारी वाटला. पुढे जे झालं त्याचं मूळ या सल्ल्यात आहे, हे झुलालआबांनी आजतागायत मान्य केलेलं नाही.

बोदवडच्या अलीकडे हिंगणखेडी नावाचं गाव आहे. रस्त्याला लागूनच एक केळीची बाग, पलीकडे कपाशी, आणि बांधावर जणू कुणी पेरल्यासारखं सगळं हजर: घाणेरी, बेशरम, वेडी बाभूळ, गाजरगवत. केळीच्या बुंध्याशी मुठीएवढी आफ्रिकन गोगलगायही सापडली. गिरधररावांनी स्कूटर लावली, टोपी घातली, आणि ते बांधावर चढले. त्यांच्या अंगात लग्नघरात शिरताना येते तशी एक ऐट आली होती.

दहा मिनिटांत बागेतून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात विळा.

"कोन गाव?"

"जळगाव."

"ते झालं. मूळ कुठचे?"

"सावद्याकडचे. भारंबे."

"भारंबे!" म्हाताऱ्यांनी विळा खाली ठेवला. "मंग परके कुठी तुमी? आमच्या घरच्यांच्या मावशीची जाऊ भारंब्यांचीच. मी उखर्डू. नाना म्हनतात मले. लेकरं किती तुमाले?"

आबांचा सल्ला आपोआपच पार पडतोय याचा गिरधररावांना आनंद झाला. "एकच मुलगी. पुण्याला नोकरीला असते."

"लगन?"

"नाही अजून."

 यावर उखर्डूनानांनी एकदा स्कूटरकडे पाहिलं, एकदा फूटपट्टीकडे, एकदा आपल्या विहिरीकडे. नातं काढून झालं, चौकशी झाली, आता हरकत नाही असं समजून गिरधररावांनी मोबाइल उघडला आणि पहिला प्रश्न विचारला.

"नाना, क्षेत्र किती तुमचं?"

नानांनी टोपी सरळ केली. "सव्वानऊ एकर. समदी बागायत."

"पाणी?"

"दोन विहिरी. मे महिन्यातबी तीन तास मोटर चालते. हात लावून पाहा मोटारीले."

"रस्ता लागून आहे, ते दिसतंच. जनावरं?"

"बैलजोडी, दोन म्हशी. अन् टॅक्टर. टॅक्टर जनावरात धरता का?"

"नाही. आणि घरची राबणारी माणसं?"

"मी, मालकीन, अन् पोरगा कुंदन. बी.ए. झालेला हाये. यसन नाही. सुपारीबी खात नाही."

शेवटची माहिती प्रश्नावलीत नव्हती. पण सरकारी-निमसरकारी कुठलाच रकाना रिकामा सोडायचा नाही ही गिरधररावांची सवय. त्यांनी 'इतर शेरा' या रकान्यात लिहिलं: सुपारीबी खात नाही.

कुंदनला हाक गेली. तो आला तो इस्त्रीच्या आकाशी शर्टात, ओल्या केसांनी, आणि दुपारी बारा वाजता केळीच्या बागेत असा का आला हे त्याचं त्यालाही समजलेलं दिसत नव्हतं. मुलगा तिशीचा, मुखदुर्बळ, कामाचा. गिरधररावांनी त्याच्या हातात फूटपट्टी दिली आणि त्याला घाणेरीशेजारी उभं केलं. मग बेशरमशेजारी. मग वाकवून गाजरगवताशेजारी. कुंदन शांतपणे उभा राहिला. मधूनमधून तो मोबाइलकडे डोकावून पाही, आणि एकदा तर तो मागून घेऊन त्याने बराच वेळ खालचं बारीक अक्षर वाचलं. गिरधररावांना वाटलं, फोटो कसा आलाय ते पाहतोय.

दुपारी नानांच्या घरी वरणबट्टी झाली. नानांच्या मालकीणबाई भागाबाई तुपाची वाटी घेऊन अशा उभ्या होत्या की ताटात 'नको' म्हणायला जागाच नव्हती. "गवताले पाहाले कोनी एवढ्या लांबून येत नाही भाऊ," त्या हसून म्हणाल्या. गिरधररावांनाही ते आपल्या निष्ठेचं कौतुकच वाटलं.

आता हिंगणखेडीची परिस्थिती सांगायला हवी. गावात लग्नाची बारा मुलं होती. थोरला अडतीसचा. शेती होती, विहिरी होत्या, घरं रंगवलेली होती. फक्त मुली शेतकऱ्याला नको म्हणत होत्या. अशा गावात, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीचा बाप आपल्या पायांनी, नव्हे, आपल्या स्कूटरने येतो, क्षेत्र विचारतो, पाणी विचारतो, विहिरीचा फोटो घेतो आणि मुलाला उभा करून फूटपट्टी लावतो! गिरधररावांची स्कूटर सुरू व्हायच्या आत ही बातमी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

पुढच्या रविवारी गावाच्या वेशीवर चौघंजण त्यांची वाट पाहत होते. प्रत्येकाला आपलं शेत दाखवायचं होतं. सगळ्यांत पुढे तोताराम नावाचा एक जाडजूड शेतकरी. "भाऊ, आमच्याकडी या. आमच्या बांधावर तर लय हाये. काय म्हनाल ते हाये." गिरधरराव भारावून गेले. शेतकऱ्यांत पर्यावरणाची एवढी जाण असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. प्रत्येक शेतात एक इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा फूटपट्टी धरायला तयारच असे. दोन रविवारांत जिल्ह्याच्या नोंदी सत्तेचाळीस झाल्या.

बुधवारी मोहिनीचा फोन आला.

"पप्पा, नोंद क्रमांक चौदा."

"घाणेरी. छान आलीय ना?"

"घाणेरी डाव्या कोपऱ्यात आहे. बाकी फोटोभर आकाशी शर्ट घातलेला मुलगा आहे. कोण आहे हा?"

"ते माप आहे."

"माप?"

"फूटपट्टी धरायला कुणीतरी लागतं ना."

"सव्वीस नंबरला दुसरं माप आहे. गळ्यात चेन. एकतीसला तिघं आहेत, ओळीने, उंचीप्रमाणे. आणि नोंद चौदाच्या शेऱ्यात लिहिलंय, सुपारीबी खात नाही. पप्पा, दिवाळीला मी पुण्यातच राहू का?"

गिरधररावांनी देवघराकडे हात करून शपथ घेतली, हे फोनवर दिसणार नाही हे विसरून. तहाला आपण प्राणापलीकडे जपतोय, एकाही मुलाकडे आपण मान वर करून पाहिलेलं नाही, मान सतत गवतातच होती, वगैरे. मोहिनी एवढंच म्हणाली, "दसऱ्याला येतेय. मग बघू." सुनंदाबाईंनी त्या रात्री दिवाळीच्या भाजणीचं धान्य निवडायला काढलं होतं, ते डब्यात परत भरून ठेवलं. बोलल्या काही नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं, असं गिरधररावांना वाटलं.

आता एकच मार्ग होता. नोंदी पक्क्या करायच्या, पन्नास पूर्ण करायच्या आणि आपण गवताचेच होतो हे सिद्ध करायचं. दसऱ्याच्या अलीकडच्या रविवारी पंधरा दिवसांनंतरचे फोटो घ्यायला ते हिंगणखेडीत शिरले, आणि स्कूटर आपोआप थांबली.

बांध स्वच्छ होते. घाणेरी नाही, बेशरम नाही, गाजरगवताची एक काडी नाही. बांधाच्या कडा चुन्याने रंगवलेल्या. विहिरीला पिवळा रंग. ट्रॅक्टरच्या तोंडाला झेंडूची माळ. चोरांनी घर धुऊन नेलेल्या माणसासारखे गिरधरराव मध्ये उभे राहिले.

"नाना! गवत कुठी गेलं?" घाबरल्यावर त्यांची गावाकडची भाषा वर यायची.

"उपटलं ना!" नानांचा चेहरा नुसता फुलला होता. "आठ दिस झाले, समदं गाव राबून राह्यलं. बारा घरं. मुळासगट."

"पण काहून?"

"काहून म्हंजी? तुमी विहिरीचा फोटो काढला एक, अन् गवताचे चाळीस. आमच्या घरचे म्हने, पोरीचा बाप खोट काढून राह्यला. मंग म्हटलं, खोट ठेवाचीच नाही."

पोरीचा बाप! गिरधररावांच्या डोळ्यांपुढून ती सगळी वरणबट्टी, ते शर्ट, ती सुपारी, सरसर निघून गेली. "अहो नाना," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "मी खरोखर गवतासाठीच येत होतो!"

जमलेली मंडळी मोठ्याने हसली. मुलीचा बाप आपण कशासाठी आलोय ते कधी कबूल करतो का? कुणाच्या मनात थोडी शंका होती, तीही आता फिटली.

सत्तेचाळीसपैकी एक्केचाळीस नोंदी रद्द होणार होत्या. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की तोतारामचं पाठीमागचं वावर अजून तसंच आहे. त्याची कंबर धरली होती. गिरधरराव तिकडे पळत सुटले. तिथलं गाजरगवत पाहून त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी तोतारामचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही ठेवलंत," ते म्हणाले, "तुम्ही एकट्याने ठेवलंत!" तोतारामला आपण काय ठेवलं ते कळलं नाही, पण मुलीच्या बापाने हात धरले आहेत एवढं कळलं. पलीकडच्या बांधावरून भागाबाईंनीही ते पाहिलं, आणि कमरेला पदर खोचला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता प्लॉट नंबर सोळासमोर एक क्रूझर गाडी थांबली. तिच्यातून उखर्डूनाना, भागाबाई, आकाशी शर्टातला कुंदन आणि आणखी सहाजण उतरले. सगळ्यांच्या हातात दसऱ्याचं सोनं. सोनं द्यायला आलोय म्हटल्यावर कोण अडवणार? पाठोपाठ एका जीपमधून तोताराम उतरला, कमरेला पट्टा, खांद्यावर केळीचा घड. झुलालआबा कंपाउंडवरून गाड्या लावायला सांगत होते आणि कोण कुठला ते विचारून घेत होते.

दार मोहिनीने उघडलं.

भागाबाईंनी तिच्या हातात सोनं ठेवलं. मोहिनीने पान उलटून पाहिलं. "हा आपटा नाहीये हो आजी. कांचन आहे."

"पोरगी हुशार हाये," भागाबाई मागे वळून म्हणाल्या, आणि चप्पल काढून आत शिरल्या.

स्वयंपाकघरात खटला चालला. मोहिनीचा आवाज अगदी खाली होता, आणि घरात तो सगळ्यांत वाईट आवाज समजला जाई. "पप्पा, दोन गाड्या आल्यात. मी आज दुपारच्या गाडीने निघते." सुनंदाबाई पोह्यांची कढई ढवळत होत्या, ते ढवळणं थांबलं. गिरधररावांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच कुणालाही न विचारता बाहेरच्या खोलीत जाऊन भाषण केलं.

"मंडळी," ते म्हणाले, "मी माझ्या मुलीला शब्द दिलाय. वर्षभर कुणाचाही मुलगा पाहणार नाही. मी पाहिलेला नाही. हा मोबाइल घ्या. तीनशे सोळा फोटो आहेत. एकात जरी मुलगा नीट दिसला तर मला सांगा. या कुंदनचे अकरा आहेत. नऊमध्ये त्याला डोकं नाही."

मोबाइल हातोहात फिरला. खरंच, गवत होतं. पान, फूल, काडी, गोगलगाय. कुंदन कोपरापासून मनगटापर्यंत. 

"म्हंजी," उखर्डूनाना सावकाश म्हणाले, "आठ दिस समद्या गावानं जे उपटलं, ते…"

"माह्या हाताची तर अजून आग जात नाही," भागाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी लहान झाला होता. त्यांनी हात पुढे केले. मनगटापर्यंत लाल पुरळ होतं.

मोहिनी आतून दारात येऊन उभी होती. ती पुढे आली आणि तिने ते हात आपल्या हातात घेतले. "गाजरगवत नुसत्या हातांनी उपटलंत? आई, ते मलम आण. अहो आजी, हातमोजे घालायचे. किती उपटलं?"

"बारा घरचं. बांधासगट."

"मुळासकट?"

"पोरीचा बाप वाकून पाहतो ना, बाई."

"आणि टाकलं कुठे? नाल्यात?"

"नाही," कोपऱ्यातून आवाज आला. कुंदन पहिल्यांदाच बोलत होता. "नाल्यात टाकलं तर बी वाहून खालच्या गावात जातं. फुलावर आलेलं वेगळं काढलं, खोल खड्डा करून पुरलं. बिनफुलाचं कंपोस्टला टाकलं."

मोहिनीने त्याच्याकडे पाहिलं. यावेळी त्याला डोकं होतं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या ॲपमधीच लिहेल हाये, खाली बारीक अक्षरात. काकांनी वाचलं नव्हतं."

गिरधरराव पंख्याकडे पाहू लागले.

"म्हणजे," मोहिनी म्हणाली, "हे सगळं गवतासाठी चाललंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

कुंदनने आईचा हात आपल्याला पोचणार नाही असं अंतर डोळ्यांनी मोजलं. "तीन वर्षं झाली, मी ग्रामसभेत सांगून राह्यलो, गाजरगवत काढा म्हणून. कोनी हाललं नाही. आता पोरीचा बाप आला म्हणून समदं गाव विळे घेऊन निघालं. मी सांगितलं असतं, तर कोनी उपटलं असतं?"

 मग तोतारामचं पोट हलू लागलं, आणि कंबर धरलेली असल्यामुळे त्याला हसता हसता ओरडावं लागलं. भागाबाईंनी कुंदनच्या दिशेने हात उगारला, पण त्याला मलम लावलेलं होतं म्हणून तो हवेतच ठेवला. "माह्याच पोटचं!" त्या म्हणाल्या. नाना टोपी काढून डोकं पुसत राहिले आणि खांदे हलवत राहिले.

मोहिनीने ॲप उघडलं. नोंदींच्या खाली 'निर्मूलन' नावाचा एक भाग होता. पंधरा दिवसांनी झाड सापडलं नाही, आणि ते कुणी मुद्दाम काढलं याचा फोटो असेल, तर नोंद रद्द होत नाही, तिथे जाते. तो भाग राज्यातल्या एकाही जिल्ह्याने भरलेला नव्हता, त्यामुळे ती स्वतःही त्याला विसरली होती. कुंदनच्या मोबाइलमध्ये खड्ड्यांचे फोटो होते. फूटपट्टी धरून काढलेले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. वर आधीच्या चार, कॉलनीतली एक, गोगलगाय आणि तोतारामच्या वावरातल्या नव्या पाच धरून जळगाव बावन्नवर गेलं.

"धुळ्याचं निर्मूलन किती?" खिडकीतून झुलालआबांनी शुद्ध मराठीत विचारलं. ते हादरले की शुद्ध बोलत.

"शून्य, आबा."

आबा खिडकीतून नाहीसे झाले.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, निर्मूलनाची पद्धत: रासायनिक, जैविक, यांत्रिक की इतर. मोहिनीने 'इतर' निवडलं, थोडा विचार केला, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: उपवर मुलीच्या वडिलांची शेतात चक्कर.

पोहे झाले. तोतारामचा केळीचा घड सगळ्यांनी मिळून अर्धा केला. तहाचा निकाल मोहिनीने चहाबरोबर दिला: पप्पांनी 'स्थळ' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही, सबब कलम मोडलेलं नाही, सबब दिवाळी जळगावला. सुनंदाबाईंनी उठून धान्याचा डबा पुन्हा खाली काढला. कुंदनला बोदवड तालुक्याचा स्वयंसेवक नेमण्यात आलं. नोंद क्रमांक चौदाचा खराब फोटो काढून टाकू का, असं गिरधररावांनी विचारलं तेव्हा मोहिनी म्हणाली, "राहू द्या. मापाला बरा आहे."

संध्याकाळी झुलालआबा फाटकातून, म्हणजे रीतसर, आले. "मोहिनीबेन, एक काम व्हतं. आमना शिंदखेडालेबी पप्पाले धाडा ना एक डाव. काही बोलानं नही. फक्त बांधवर उभं राहानं आनि फोटो काढाना. मन्हा गावमा लगनना सोळा पोरे शेतस."

मोहिनी दिवाळीला आली त्याच आठवड्यातल्या रविवारी पहाटे गिरधरराव शिंदखेड्याला निघाले. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, काखेत फूटपट्टी. आता ते निव्वळ मुख्य लिपिक नव्हते; शासनाला जमलं नाही ते करणारी एक पद्धत होते, आणि ते त्यांच्या चालण्यात उतरलं होतं. सुनंदाबाई डबा द्यायला फाटकापर्यंत आल्या. त्यांनी एकदा मोहिनीच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जाताच आहात तर पाण्याचं जरा नीट विचारा. किती महिने पुरतं ते. आणि घरात माणसं किती."

"अगं, तह!" गिरधरराव दचकून म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?" सुनंदाबाई म्हणाल्या. "फॉर्ममध्येच आहे ना ते."